पंचेचाळिसाव्या सभागृहाची चौकट

त्र्याण्णव लंबगोल, तळहाताएवढे,
आणि मधोमध एक मोठा, अध्यक्षांचा.
पुठ्ठा मलईच्या रंगाचा, लाकूड अक्रोडाचं.
दर दोन वर्षांनी टेकडीवरच्या त्या घुमटाखालून
हीच मोजमापं माझ्या दुकानात येतात
आणि मी जानेवारीतच सगळं कापून ठेवतो,
पुढे लग्नाचे फोटो येतात,
आणि लग्नवाले थांबत नाहीत.

तेव्हा अध्यक्ष होते ऑर्व्हिल टोलेफ्सन.
रेल्वेलगत गव्हाची तीन कोठारं,
आवाज मोठा, खालचा ओठ किंचित पुढे.
मोठ्या लंबगोलात असे बसले
की मापं मी त्यांच्याच तोंडावरून घेतली असावीत.

मार्चमध्ये गारपीट विम्याचं विधेयक आलं.
बाहेर उणे तीस, आत पहाटेचे तीन,
कॉफी संपलेली,
आणि त्यांच्याच पक्षाचे अकरा जण उठून
पलीकडच्या बाकांवर जाऊन बसले.
भाषण कुणी केलं नाही.
खुर्च्यांचे पाय तेवढे घासले फरशीवर.
एका मताने गेलं अध्यक्षपद.
हातोडा आला लव्होन हॉफ्सोमरच्या हाती,
गावाकडे ती शाळेची बस चालवायची.
पहिल्यांदा आपटला तो इतका हळू, म्हणतात,
की लेखनिकाने मान वर करून विचारलं,
‘झालं का?’

मग समितीचा माणूस माझ्या दारात.
मोठा लंबगोल आता कुणाचा?
मी म्हटलं, हातोडा माझ्याकडेही आहे,
पण पुठ्ठा फेरमतदान घेत नाही,
कापला की कापला.
तीन आठवडे पत्रं आली-गेली.
शेवटी नवा पुठ्ठा, आणि त्यात दोन मध्यम.
सत्ता मोजायचीच असेल तर सांगतो,
फरक पाऊण इंचाचा असतो.

बाकीचे आडनावांच्या क्रमाने.
डेल्फीन लोन एल्क स्वतः येऊन बजावून गेली,
‘मला एल्कखाली टाकू नका.
लोन एल्क हा अख्खा माणूस होता,
माझा पणजोबा.’
तिला एल खाली घेतलं.
खाली उजवीकडे, एसच्या रांगेत, एमिल शॉक.

एमिल शॉक अख्ख्या मुदतीत तीनदा बोलला.
दोनदा म्हणाला, खिडकी लावून घ्या कुणीतरी.
तिसऱ्यांदा, त्या पहाटे, नाव पुकारल्यावर,
‘हो.’
ते एक मत त्याचं.
का, ते टोलेफ्सननी विचारलं, वार्ताहरांनी विचारलं,
गावच्या पाद्र्यानेही विचारलं.
तो टोपीची कड चाचपत राहिला.

ऑगस्टमध्ये गेला, कापणी यंत्राच्या सीटवरच.
यंत्र चालूच राहिलं, पिकातून सरळ,
कुंपण तोडून शेजाऱ्याच्या जवसात.
उरलेल्या मुदतीसाठी त्याच्या जागी बायकोला नेमलं.
ॲडलाइन शॉक. काळा ड्रेस,
ओठ नवऱ्यासारखेच मिटलेले.
समितीचं पत्र आलं: जागा एक, फोटो एक,
विद्यमान सदस्याचाच.

मी नियमाचा माणूस आहे.
जागा एक, फोटो एक, विद्यमान सदस्याचा.
पण पुठ्ठ्याच्या मागे काय असावं
याबद्दल पत्रात काही नव्हतं.
एमिलला मी तिच्या पाठीशी ठेवला, तोंड पुढेच करून,
वर तपकिरी कागद चिकटवला,
चौसष्ट खिळे मारले.
तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

शाळेच्या सहली येतात. पोरं चेहरे मोजतात,
पितळी पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघतात,
ताळा जमतो, पुढे पळतात.

हिवाळ्यात इमारत तापवायला लागले
की अक्रोड आकसतो
आणि चौकट उजवीकडे कलते, किंचित.
एका फोटोचं वजन ते केवढं, त्याने काही कलत नसावी.
तरी मी शिडी घेऊन जातो, सरळ करतो,
आणि उतरताना
वाऱ्याकडची खिडकी लागलीय ना, तेवढं बघतो.