साठावरचा ठिपका

काटा मेला तो कात्रजच्या बोगद्यात.
गाडी पळत होती
आणि मीटर म्हणत होता, शून्य.
पासलकर म्हणाला, नवा नका घेऊ, त्यात इंजिनाचं काम होईल.
बुधवारी जुन्या बाजारात बघा.

इद्रिसच्या ताडपत्रीवर
आरसे, हॉर्न, एक एकटं दार
आणि उपटलेले मीटर, वायरी लोंबत.
माझ्याच मॉडेलचा होता एक.
बाराशे म्हणाला, नऊशेला दिला.
अपघातातली का गाडी?
"मीटरला काय नाय झालेलं," एवढंच.

चार स्क्रू, मागे दोन पांढरे प्लग.
तोंडात टॉर्च धरून पासलकरने
जुना काढला, हा बसवला. चावी.
सगळे काटे एकदम उठले,
हजेरी देऊन खाली बसले.
एकसष्ट हजार नऊशे सात.
माझे एक लाख अडतीस हजार
बाकड्यावर पालथे, पान्यांच्या शेजारी.
"लिहून ठेवा कुठंतरी,
विकताना खोटं नको."
लिहिले, पीयूसीच्या मागे.

मग दिसला काचेवर, साठच्या आकड्यापाशी,
नेलपॉलिशचा लाल ठिपका.
कुणीतरी कुणालातरी घातलेली अट.
थिनरचा बोळा घेऊन पासलकर तयारच.
राहू दे, म्हटलं.

ट्रिपचा आकडाही तसाच अडकलेला:
दोनशे बारा पॉइंट चार.
निघाले कुठून असतील, आणि जेवायला कुठे थांबणार होते?
बटणावर बोट ठेवलं.
काढलं.

बायपासला लागलो.
मागचा टेम्पो केव्हाचा हॉर्न देतोय.
अठ्ठावन्न.
दोनशे तेरा.