पाण्याचा दिवस

मी पाणीपुरवठ्यातला माणूस, गुहागरचा.
दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिसरा दिवस मोकळा.
लॉजवरच्या पोऱ्यानं दारात बादली ठेवली,
म्हणाला, "एवढ्यात भागवा साहेब, नळाचं काही खरं नाही."

पनचक्कीवर लोक फोटो काढत होते
पडणाऱ्या पाण्याचे.
मी भिंतीला कान लावून उभा.
डोंगरातून निघून, खापराच्या नळांतून,
ना पंप, ना मीटर,
नुसत्या उताराच्या भरवशावर
दोन-अडीच कोस चालत आलेलं पाणी
भिंतीच्या पोटात हळूहळू वर चढत होतं
आणि चढलं की धाडकन खाली.
पहारेकऱ्यानं हटकलं, "क्या सुन रहे साब?"
"गळती."
तो हसला. "पुरानी चीज है. टपकेंगी थोडी."

मग दरवाजे. बावन्न म्हणतात.
रिक्षावाला म्हणाला, मोजायला निघालं की गॅस संपतो.
एका कमानीतून सिटीबस जेमतेम निघाली,
आरशाला जुना चुना लागून गेला.
दुसऱ्या कमानीत पंक्चरवाला,
परातीतल्या पाण्यात ट्यूब दाबून
बुडबुडा शोधणारा.
आमच्याच खात्याचा माणूस, मी मनात म्हटलं.

शहागंजात भूक लागली.
बाकावर तिघे अनोळखी. मध्ये
तंदूरच्या भिंतीवरून सोलून काढलेली
हळदपिवळी, चकचकीत नान,
आणि कलिया, वर तांबडा तवंग.
मी चमचा मागितला.
अख्खं बाक खायचं थांबलं.
शेजारच्यानं माझीच नान तोडली,
माझ्याच वाटीत बुडवली, "ऐसा,"
आणि स्वतःच खाऊन टाकली.

हिमरूचा माग विचारत विचारत
एका बोळात शिरलो.
जहीरुद्दीन अन्सारी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली,
खड्ड्यात पाय सोडून बसलेले.
उभा धागा सुती, आडवा रेशमी.
बदामाच्या आकाराची पानं एकेक वीत पुढे सरकत होती.
मी वाकून बघायला लागलो तर म्हणाले,
"उलटी बाजू बघा. सुलट सगळेच बघतात."
उलट्या बाजूला रेशमाचे सुटे पदर,
न कापलेले, न गुंतलेले,
एखाद्याच्या न बोललेल्या गोष्टींसारखे
असं लिहिणार होतो, पण तेवढ्यात

"पानी आया!"

धोटा अर्ध्या पानावर थांबला.
कणीक, गृहपाठ, कुणाचं तरी भांडण,
सगळं जिथल्या तिथं.
नवव्या दिवसाचं पाणी, पाऊण तासाचं.
हंडे, ड्रम, रंगाचे रिकामे डबे, भगोनी,
एका पोरानं तर बहिणीची बाहुलीची बादलीसुद्धा आणली.
मी पाहुणा आहे हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.
सून फहमिदा, तिनं हातात पाइप दिला:
"भाऊ, गच्चीवर धरा. भरली की आवाज द्या."

गच्चीवर पाइप आधी खोकला,
मग गढूळ गुळणी, मग धार.
दाब कमी. सवयीनं हिशेब मांडला:
वाटेत तीन ठिकाणी तरी फुटलंय.
मान वर केली तर
तारांच्या, टाक्यांच्या, वाळत्या सलवारींच्या पलीकडे
मकबरा.
तळाशी संगमरवर, घुमटाला संगमरवर,
मधला बराचसा घोटलेला चुना.
अंदाजपत्रकाला कात्री लागली की
आम्हीही तेच करतो, दिसेल तिथं चांगलं.
फक्त इतकं देखणं जमत नाही.

तिकीट काढून जवळून बघायचा होता.
साडेपाचची गाडी. घड्याळात पाऊण वाजून गेलेला कधीच,
आणि टाकी अजून हातभर रिकामी.

खालून जहीरुद्दीनभाई: "कहाँ तक?"
वाकून पाहिलं. पाण्यात घुमटबिमट काही नव्हता.
माझं टक्कल, आणि काठावर एक कावळा.
त्याला हाकललं
आणि गुहागरच्या हिंदीत ओरडलो,
"और चार उंगल!"