याआधीच्या सर्व सूचना रद्द

मांडीवर दोन कागद, रबरबँडखाली फडफडणारे.
पहिला म्हणतो: लहान विमानांनी
झुआरीच्या पुलाच्या उत्तरेला, हजार फुटांवर,
डावीकडे वळत थांबावे.
दुसरा म्हणतो: पुलाच्या उत्तरेला
कोणत्याही परिस्थितीत थांबू नये.
सांजासिंतचे बेट नजरेत ठेवावे,
पंधराशे फूट, उजवीकडे वळत.
दोन्हींच्या तळाशी तीच ओळ, तोच शिक्का:
या विषयावरील याआधीच्या सर्व सूचना
रद्द समजाव्यात.

पहिला निघाला नंतर, लागू झाला आधी.
दुसरा निघाला आधी, लागू आजपासून,
म्हणजे रात्री बारापासून, जागतिक वेळेने,
म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच.
हे गणित मी बेळगावला चहाच्या कपाशेजारी मांडलं होतं.
चहा संपला.

मागे इनासियो रिबेलो झोपलेत,
पोटाशी कुंद्याचा डबा, तोंड किंचित उघडं.
त्यांचा माझ्यावर विश्वास आहे,
किंवा कुंद्यावर.

खाली खाणींचे लाल खड्डे
आणि त्यांत साचलेलं हिरवं पाणी.
मग खाडी. मग पूल.
"दाबोळी, किलो टँगो, चार आसनी, एक उतारू.
कुठे थांबू?"
आवाज कोवळा, नौदलाचा, इस्त्री केलेला:
"प्रकाशित पद्धतीप्रमाणे या."
"कुठल्या?"
"जी लागू आहे त्या."
"दोन आहेत."
नुसती खरखर. तिच्यात मला
कपाटाचं दार करकरल्याचा भास झाला.
"थांबा," तो म्हणाला.

थांबायला मी रिक्षा नाही.
आकाशात थांबणं म्हणजे गोल गोल जाणं,
एवढं तरी दोन्ही कागदांना मान्य आहे.
तेव्हा मी पुलावर डावीकडे वळले,
बेटावर उजवीकडे,
उंची धरली साडेबाराशे,
आणि पुन्हा पुलावर.
तिसऱ्या फेरीला लक्षात आलं,
मी पाटीवर गिरवतात तसा
चार गिरवतेय, एकाच चारवर परत परत,
बाईंनी पुढचा आकडा सांगेपर्यंत.

समुद्राकडून एक मोठं विमान आलं,
दोनशे माणसं, सगळ्यांच्या हॅट तयार.
त्याला कोणी काही विचारलं नाही.

चिखलीला ओहोटी होती.
गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायका
पायांनी चाचपत शिंपले काढत होत्या,
खिडक्यांना काचेऐवजी लावायचे ते, चपटे.
एकीने वर पाहिलं,
कमरेवर हात ठेवून, बराच वेळ.
पुन्हा वाकली.

इंधनाची सुई पावाच्या जवळ.
"किलो टँगो, आपण नक्की कुठे आहात?"
"दोन्हीकडे."
मग खूप खरखर, आणि तिच्यातून
दुसराच आवाज, जुना, विडीचा:
"पट्टी दिसता मगो, बाय?"
"दिसते."
"मग यो."

चाकं टेकली तेव्हा रिबेलो जागे झाले,
डबा आधी तपासला, मग मला विचारलं,
"पावलों?"

कचेरीत तो कोवळा आवाज भेटला,
कानांवर अजून यंत्राचे वळ.
फॉर्म पुढे सरकवला: पाळलेली पद्धत, चौकोन दोन,
एकावरच खूण करावी.
मी पेन धरून बसले.
तो दाराकडे बघून हळूच म्हणाला,
"मॅडम, तुमच्याकडचे कागद जरा द्याल?
झेरॉक्स काढतो.
आमच्याकडे पहिला सापडत नाहीये."