तीन प्रतींत

सोसायटीच्या प्रिंटरला कागद कळतो, फीत कळते, वीज कळते,
फक्त संगणक कळत नाही.
भिकाजी तारी काउंटरमागून म्हणतात,
"काल रातीपासून मुको झालो हा."

बाहेर देवगडच्या जेटीवर
चौदा ट्रॉलर डिझेलसाठी खोळंबलेले.
पावती तीन प्रतींत लागते:
पांढरी नाखव्याला, गुलाबी पंपाला,
पिवळी मत्स्यखात्याला.
तिन्हींवर एकदम अक्षर उमटायचं
तर ठोसे मारणाराच प्रिंटर हवा.
नव्यांना शाई शिंपडता येते,
दाबता येत नाही.

परवा मीच बांधून दिला होता नवा कर्नल.
"कर्नल? मिलिट्रीतलो काय?" तारींनी विचारलं होतं.
नाही, म्हटलं, बाठ्याच्या आतली कोय समजा,
बाकी सगळा आंबा तिच्याभोवती.
मशीन जुनं, मेमरी तोकडी,
म्हणून यादी उघडून एकेक ओळ छाटत गेलो,
जॉयस्टिक, इन्फ्रारेड, नसलेली साउंड कार्डं,
आणि मधेच कुठेतरी
पॅरलल पोर्ट सपोर्ट: एन.
कोण वापरतं आता, असं म्हणालोसुद्धा,
चहा पिता पिता,
त्याच प्रिंटरला टेकून.

आज पुन्हा ती निळी पाटी.
प्रिंटरची ओळ शोधतो, सापडतच नाही.
बऱ्याच वेळाने आठवतं:
आधी बंदराला हो म्हणावं लागतं,
मग त्याच्या पोटात पीसीचं हार्डवेअर,
मग पार दुसऱ्याच पानावर
प्रिंटर डोकं वर काढतो.
धक्काच नाही म्हटल्यावर
होडीचं नाव वहीत येणार कुठून.

केबल उपसून बघतो. पंचवीस पिना,
खाऱ्या वाऱ्याने दोन हिरव्या पडलेल्या.
ब्लेडने खरवडतो.
आठ तारा शेजारी शेजारी,
रापणीच्या दोराला आठ जण लागावेत तशा,
आठही बिट एका हिसक्यात.
एक तार नुसती हाळी द्यायला,
एक "थांब, हात भरलेत" म्हणायला,
एक कागद संपल्याची,
आणि अठरापासून पंचवीसपर्यंत
नुसती जमीन.

वाय म्हणू की एम?
एम म्हणजे मॉड्यूल. हाक मारली की यायचं,
काम झालं की निघायचं,
चतुर्थीला येतात तसं.
वाय म्हणजे इथंच, पावसापाण्यात.
तारींना विचारलं. ते कार्बन शोधत होते.
"येणा-जाणा नको," म्हणाले, "हयच रवांदे."

कंपाइल सुरू. दीड तास, वीज टिकली तर.
तोवर तारी हातानेच लिहितात पावत्या,
नाखवे दाराशी वाकून वाकून बघतात.
मधेच, मान वर न करता, सांगतात:
त्यांचा बापूस मुंबईच्या बोटीची तिकिटं फाडायचा
इथल्याच धक्क्यावर.
एका वर्षी पाऊस सरला, बोट आलीच नाही.
कुणी कळवलंही नाही.
बापूस दसरा उलटेपर्यंत
खाकी शर्ट घालून जात राहिला.

एन या कळीवर विसावलेलं बोट
मी उचलून घेतो.

साडेआठला मशीन पुन्हा उठतं. ओळी सरकतात,
मी एवढीच एक शोधतोय:
पत्ता तीन-सात-आठ. एलपी शून्य. पोलिंग.
म्हणजे इंटरप्ट काही मिळाला नाही,
हाक येईल म्हणून थांबायची सोय नाही,
आपणच दर क्षणी विचारत राहायचं,
आहेस का, झालं का, आहेस का.
चालेल. हळू चालेल, पण चालेल.

मग ती करवतीसारखी किरकिर.
दारातले नाखवे एक पाऊल आत येतात.
ट्रॉलर सातेरीप्रसाद, तीनशे वीस लिटर.
पांढरी ठळक. गुलाबी बरी.
पिवळी तारी ट्यूबच्या उजेडाकडे धरतात,
चष्मा कपाळावर ढकलतात.
पुसट आहे.
वाचता येते.