शिसं किती

ताटं उचल आधी, तामाती, आणि पेपर पसर.
उद्या पहाटे अहुआहू बेटापलीकडे जे व्हायचं
त्यातलं निम्मं आज इथंच होतं, या टेबलावर,
किटली गार व्हायच्या आत.

हा डबा आजोबांचा, मग तुझ्या बापाचा. झाकण अडकतं,
खालून बुक्की मार. हां.
गंजलेलं सगळं बाजूला काढ. गंजका गळ
आणि झिंगलेला नावाडी, दोघंही ऐनवेळी सोडून जातात.

काठी सात फुटी पुरे.
दुकानातला पोरगा तुला बारा रंगांचं काहीबाही दाखवेल,
चमकत्या डोळ्यांच्या रबरी मासोळ्या.
त्यांच्या गळाला माणसंच जास्त लागतात.
विणलेला दोरा घे, तीस पौंडी. शेवटचे दोन हात मात्र
पारदर्शक, जाड, साठाचा.
स्नॅपरचं तोंड म्हणजे अडकित्ता.
शिंपले फोडतं ते,
तुझ्या दोऱ्याची काय कथा.

आता शिसं.
इथं माणूस कळतो.

तुझा बाप भरपूर लावायचा. आठ औंस, दहा औंस.
तळाशी धाडकन् पोचलं पाहिजे त्याचं सगळं,
आमिषाला श्वास घ्यायला सवड नाही, आम्हालाही नाही.
मासे मिळायचे, नाही म्हणत नाही.
साठ मीटर पाणी आणि वर ओढ असली
तर तेच लागतं: खाली शिसं, वर दोन फासे, फाशांना गळ.

पण खडकाच्या कडेला, वीस मीटरवर,
कुटलेला चारा टाकून पाण्यात वास सोडला असेल
तर एवढंसं. वाटाण्याएवढं, गोल,
दोऱ्यावरून मोकळं घरंगळत
थेट गळाच्या डोक्याशी टेकणारं.
बोनितोची फोड अशी उतरली पाहिजे
जशी कुणी टाकलीच नाही,
आपणहून निघालीय.
ओढ बघ, खोली बघ, मनात एक आकडा धर.
मग त्याहून थोडं कमी लाव.

गाठ मी बांधते, तू बघ. थुंकी लावायची,
कोरडी ओढली की दोरा जळतो.
थांब.
बोटं ऐकत नाहीत आज. तूच बांध.

गळ या पाकिटातले. टोक आत वळलेले.
तुझ्या बापाला कधी आवडले नाहीत हे.
‘गळ आहे की कानातलं?’ म्हणायचा.
सरळ गळ लावायचा, टकटक झाली की काठी हिसडायचा,
आणि वीतभर पोरं गळ पोटात घेऊन वर यायची.
नियम म्हणून सोडायचा तो त्यांना.
पांढरी पोटं वर करून ती बोटीमागं तरंगत राहायची,
सीगल खाली उतरायचे.
एकदा त्यानं मोजली. सतरा.
त्या रात्री जेवताना मीठसुद्धा मागितलं नाही.
सोमवारी हे पाकीट घेऊन आला.
किंमतीची चिठ्ठी अजून आहे बघ वर.

फोड. दातांनी नको, कात्री घे.

कातडीतून दोनदा काढायचा, टोक उघडं ठेवायचं.
बाकी यात एकच गोष्ट अवघड:
हिसडा द्यायचा नाही.
टकटक होईल, हात शिवशिवतील,
तुमच्या घराण्याच्या रक्तातच आहे ते, माझ्याही.
काठी वाकू दे. दोरा जातोय तर जाऊ दे.
मग नुसतं रीळ फिरव, सावकाश.
गळ आपला आपण ओठाच्या कोपऱ्यात जाऊन बसतो.
लहान निघाला तर पाण्यातच सोड, ओल्या हातानं,
आणि तो खाली जाताना कसा दिसतो ते बघून ये.
मी फक्त तरंगणारे पाहिलेत.

पहिला तामुरे टांगारोआचा. परत द्यायचा.
मोठा असला तरी.
मोठा असला तर नक्कीच, तोंड वाकडं करू नकोस.

किटली पुन्हा ठेव आता.
काय? ते आठ औंसाचं?
घे की. ओढीचा काय भरवसा.
डब्याच्या तळाशी राहू दे,
नेहमी असतं तिथंच.