शून्य पूर्णांक बारा

मिरजोळ्याच्या पाचव्या गाळ्यात
पत्र्याच्या छताखाली बसून
मी पत्रा वाकवते,
हात न लावता.

होडीच्या इंजिनाखाली बसायचं तेलपात्र.
जाडी एक पूर्णांक दोन, खोली एकशे चाळीस.
पडद्यावर त्याचे छत्तीस हजार चौकोन होतात.
मिरकरवाड्यातल्या बायका म्हणाल्या असत्या,
आस फार बारीक गं,
ह्यातून जवळासुद्धा सुटायचा नाही.

पंच उतरतो.
खरं तर काहीच उतरत नाही,
संगणकाचा पंखा तेवढा घरघरतो
आणि चौकोन ताणले जातात,
हिरवे, पोपटी, कोपऱ्यांशी पिवळे.
लाल कुठेच नाही.
मी "पास" लिहिलं, तारीख घातली.

उस्मान होडेकर चौतीस वर्षं डाय घासतात.
निळा रंग लावायचा, दाबायचं, उघडायचं,
निळं जिथे चिकटलं तिथे घासायचं.
मग कडेवरून अंगठा, सावकाश,
कालव फोडण्याआधी
शिंपल्याची फट चाचपतात तसा.
माझ्या रंगीत कागदाकडे त्यांनी पाहिलं,
चांगला आहे म्हणाले,
आणि त्यावर चहाचा पेला ठेवला.

अडीचशे टनी प्रेसवर
पहिला नग निघाला. दुसरा निघाला.
तिसरा ओरडला.

चौथ्या कोपऱ्यात, पंचाच्या वळणापाशी,
बोट जाईल एवढी चीर.
मालक काही बोलले नाहीत,
नुसते भंगाराच्या पिंपाकडे बघत राहिले.
चाचांनी तो फाटका नग उचलून हुंगला,
गठ्ठ्यातल्या चौथ्या पत्र्यावर नख ओढलं.
नखात तांबूस भुकटी आली, हळदीहूनही कमी.
तीन आठवडे गठ्ठा दाराशी पडून होता.
आमचं दार मिऱ्याच्या बाजूला उघडतं.

"पोरी, हा वारा घातलास काय गं त्यात?"

मी हसले.
मग जाऊन फाइल उघडली.

घर्षण: शून्य पूर्णांक बारा.
तो आकडा माझा नव्हताच.
कुठल्यातरी कोरड्या गावातल्या
धुतलेल्या, तेल पुसलेल्या पत्र्याचा तो,
सॉफ्टवेअरसोबत आलेला.
भाड्याच्या खोलीत आधीच्या बिऱ्हाडाचं कॅलेंडर
खिळ्याला तसंच राहावं
तसा मी तो राहू दिला होता,
सात डाय, दोन वर्षं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पट्ट्या कापल्या,
दोन ठोकळ्यांत दाबून ओढल्या.
ओढ मोजायला चाचांच्या मेव्हण्याचा काटा,
ज्यावर तो सुरमई तोलतो.
सतरा. एकोणीस. अठरा. पुन्हा अठरा.
काट्याच्या आकड्याला मासळीचा वास होता.

रात्री साडेनऊला मी अठरा टाकले.
पंखा घरघरला.
चौकोन ताणत गेले, हिरवे, पोपटी, पिवळे,
आणि चौथ्या कोपऱ्यात
लाल.
तिथेच. बोट जाईल एवढंच.

काही फाटलेलं पाहून
मला एवढा आनंद याआधी झाला नव्हता.
मी ओरडूनच बोलावलं त्यांना.
त्यांनी चष्मा लावला,
लालवर अंगठा टेकवला, तेलकट,
आणि थोडा वेळ तसाच ठेवला,
जणू काच खोलगट असावी.
"हां," म्हणाले, "आता खोटं नाही बोलत."

डायच्या ओठाची त्रिज्या आठाची दहा केली.
पकड थोडी सैल केली.
कड सुटल्यावर दीड अंश मागे येते,
म्हणून दीड अंश जास्तच वाकवली.
"सरळ यावं म्हणून वाकडं करायचं,"
चाचा पुटपुटले, "एवढं तर माझ्या बापालाही ठाऊक होतं.
दीड तेवढा ठाऊक नव्हता."
आणि गठ्ठा दारापासून उचलून
आत, भिंतीशी नेला.
हे लिहायला मात्र
फाइलमध्ये कुठेच रकाना नव्हता.

चाळीस नग निघाले, एकही ओरडला नाही.

आषाढात आकडा परत बदलणार, असं चाचा म्हणतात.
बदलेल.
ह्या फाइलचं नाव मी
"अंतिम" ठेवलं होतं.
ते खोडून "मार्च" केलं.