तोट्याचा रकाना

मंगळवारी पहाटे कोष मोजायचे असतात.
कंदिलाची काच पुसून मी बसते,
मांडीवर पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात कापूस,
आणि बाया येतात दव तुडवत, ओंजळी सांभाळत.
म्झे कानिकी एकटाच पुरुष. त्याचे अठरा.
एलिवाझाचे नऊ, त्यातला एक काळवंडलेला.
तो मी बाजूला ठेवते.
ती माझ्याकडे बघत नाही.

कोष दिसायला काहीच नसतो.
सुकलेली शेंग, पक्ष्याची शीट,
एखाद्यावर मात्र सोन्याचा ठिपका,
कुणाचं कानातलं पडावं तसा.
दहा दिवसांत त्यांनी समुद्रापार पोचायला हवं.
तिथे म्हणे काचेचं घर आहे, आत विकतची ऊब,
आणि लोक तिकीट काढून माना वर करतात
आमच्या रानातल्या भिरभिरीकडे.
मला आधी खरं वाटलं नव्हतं.
अळीचे पैसे कोण देतं?

पैसे झाडाचे यायचे.
बाबा करवत्ये, खड्ड्यात उभे राहून खालची मूठ ओढायचे.
भुसा पापण्यांत, भुसा उगालीत.
रात्री खोकायला लागले की वाटायचं
अख्खं झाड खोकतंय घरात.
मोकळ्या जागी वेलदोडे लावले. जमीन थकली.
मग मका. मग तीही जमीन
एका रात्रीच्या पावसात ओढ्यावाटे खाली गेली,
कुणाला न सांगता.

त्यानंतरची ती बैठक, फणसाखाली, तीन दिवस.
वनखात्याचा साहेब, चिखलात चप्पल गमावलेली शहरातली बाई,
आणि आम्ही, एकमेकांवर ओरडणारे.
शेवटी कागद झाला.
रान सरकारचं आणि गावाचं, दोघांचं.
मादी एकच धरायची, अंडी घातली की सोडायची.
शंभरातले सात शाळेच्या पत्र्याला.
माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडे.

मग एका वर्षी विमानंच थांबली.
जाळ्यांमध्ये पाखरं फुटत राहिली, मरत राहिली,
आणि मी लिहीत राहिले : तोटा, तोटा, तोटा.
म्बेल्वानं, माझ्या धाकट्या भावानं,
बाबांची करवत खुंटीवरून काढली.
ओढ्यापलीकडचं एकच झाड. आठ दारांच्या फळ्या.
दंड भरला त्यानं, मान खाली घालून,
पोरांचं पोट मात्र दोन महिने भरलं होतं.
मी तेव्हा त्याला काही बोलले नाही.
अजून बोललेली नाही.

विमानं सुरू झाली. यादी आली.
यादीत सगळ्यांत वर ते हिरवं, शेपटीचं,
ज्याला सगळ्यांत जास्त भाव.
त्याची अळी एकच वेल खाते,
आणि वेल त्या झाडावर होती.

तीन दऱ्या धुंडाळल्या आम्ही,
सडक्या केळ्यांची बादली घेऊन.
म्बेल्वा सगळ्यांच्या पुढे, कोयत्याशिवाय.
चौथ्या दरीत एक वेल सापडली, अंगठ्याएवढी जाड.
तिचा तुकडा त्यानं ओल्या सदऱ्यात गुंडाळून आणला
आणि त्या खोडाच्या बुंध्याशी लावला.
रोज पाणी घालतो. आता गुडघ्याएवढी झालीय.
तिच्यावर अजून काहीच येऊन बसलेलं नाही.

खाली वळणावर मुहेझ्याची बस भोंगा वाजवतेय.
दोनशे चौदा कोष, कापूस, दोरी, शिक्का.
मी खोका म्झेच्या डोक्यावर देते
आणि बाजूला ठेवलेल्याकडे वळते.
तो उललाय.
काळवंडतात ते असेच. मेलेले नसतात नेहमी,
फक्त प्रवासाइतके थांबू शकत नाहीत.

नियमानं लिहायलाच हवं. लिहिते.
एलिवाझा शेम्बोको, तोटा, एक.
शाई ओली, पंखही ओले,
आणि ते चढलंय नेमकं त्याच पानाच्या कडेवर,
हळूहळू उघडत, मिटत.
दाराबाहेर रान उजाडतंय.
बस परत भोंगा देते.
मला वही मिटता येत नाही.